कलेक्टर वाढवण्याआधी पाण्यातले आयन तपासा : फ्लोटेशन चाचणीची पायरीवार पद्धत

फ्लोटेशन म्हणजे दळलेल्या धातुकातलं हवं ते खनिज हवेच्या बुडबुड्यांवर तरंगवून वेगळं काढणं. त्याची रिकव्हरी, म्हणजे धातुकातल्या धातूपैकी हाती आलेला वाटा, घसरली की हात आधी कलेक्टरच्या, म्हणजे खनिजाला तरंगवणाऱ्या रसायनाच्या, बाटलीकडे जातो. टनाला पाच-दहा ग्रॅम वाढवायचे, फेस बघायचा, पुन्हा वाढवायचे. कधी आकडा सुधारतोही. पण बरेचदा त्यासोबत पायराइट (लोहाचं सल्फाइड) आणि नको ते जस्तही वर येतं आणि कॉन्संट्रेटची, म्हणजे तरंगून आलेल्या मालाची, प्रत ढासळते. मीही सुरुवातीला हेच करत होतो. नंतर कळलं की अशा वेळी दोष बहुधा कलेक्टरच्या मात्रेत नसतोच. पल्पच्या (दळलेलं धातुक आणि पाणी यांच्या मिश्रणाच्या) पाण्यात आणि खनिजाच्या पृष्ठभागावर कोणते धातू-आयन बसले आहेत, तिथे खरी गोम असते. ती प्रयोगशाळेतल्या साध्या सेलमध्ये (फ्लोटेशनच्या भांड्यात) कशी शोधायची, ते इथे क्रमाने लिहितो. डोक्यात सल्फाइड धातुकं धरली आहेत, पण गारगोटी आणि फॅटी अ‍ॅसिडचा भागही मध्ये येईल, कारण आयनांचा खेळ तिथे सगळ्यात उघडपणे दिसतो.

आधी लागेल तेवढं रसायन

कलेक्टरच्या रेणूचं एक टोक खनिजाला धरतं आणि दुसरी हायड्रोकार्बनची शेपटी पाण्याला दूर ठेवते. धरणारं टोक कशाला धरेल, हे पृष्ठभागावरच्या धातूवर ठरतं. झँथेट १९२५ मध्ये कलेक्टर म्हणून पेटंट झालं आणि आजही सल्फाइड फ्लोटेशनचा कणा तेच आहे. त्याचं जस्ताशी फारसं जमत नाही. झिंक इथाइल झँथेट पाण्यात बऱ्यापैकी विरघळतं. त्याचा विद्राव्यता गुणाकार (हा जितका लहान, तितकं संयुग कमी विरघळतं) १० च्या उणे ८ ते उणे ९ व्या घाताच्या आसपास आहे. शिशाचं झँथेट उणे १७ व्या घाताजवळ, तर तांब्याचं (क्युप्रस) झँथेट उणे १९-२० च्या घरात. म्हणून आखूड साखळीच्या झँथेटने गॅलेना (शिशाचं सल्फाइड) सहज तरंगतो आणि स्वच्छ स्फॅलेराइट (जस्ताचं सल्फाइड) जवळजवळ तरंगतच नाही.

आता त्याच स्फॅलेराइटवर कॉपर सल्फेट, म्हणजे आपलं मोरचूद, टाका. तांब्याचा एक आयन आत शिरतो आणि जस्ताचा एक आयन बाहेर पडतो. कॉपर सल्फाइड हे झिंक सल्फाइडपेक्षा कितीतरी कमी विद्राव्य असल्याने ही अदलाबदल जवळजवळ एकाच दिशेने चालते. स्फॅलेराइटला वरून तांब्याचं रूप मिळतं आणि झँथेट त्याला घट्ट धरतं. जस्ताचं सगळं फ्लोटेशन या एका अदलाबदलीवर उभं आहे.

अडचण अशी की ही अदलाबदल आपल्या परवानगीची वाट पाहत नाही. धातुकात थोडं दुय्यम तांबं असेल किंवा गॅलेना ऑक्सिडाइझ झालेला असेल, तर तांब्याचे आणि शिशाचे आयन दळतानाच पाण्यात उतरतात, स्फॅलेराइटवर बसतात आणि शिशाच्या सर्किटमध्येच (शिसं वेगळं काढण्याच्या टप्प्यातच) जस्त वर येऊ लागतं. शिशाच्या अदलाबदलीचं बळ तांब्याहून पुष्कळ कमी असतं, पण पृष्ठभागाचा थोडासा भाग झाकला गेला तरी तरंगायला तेवढं पुरतं.

पायराइटची तऱ्हा वेगळी. त्याच्या पृष्ठभागावर झँथेटचं ऑक्सिडीभवन होऊन डायझँथोजेन बनतं आणि हे तेलकट द्रव्य त्याला तरंगवतं. त्यासाठी पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लागतो. म्हणजे आयनांसोबत ऑक्सिजनचंही भान ठेवायला हवं.

पहिली पायरी : धातुकाचा इतिहास विचारा

नमुना कधी फोडला, किती दिवस उघड्यावर पडून होता, ओला होता का? गॅलेनावर अँग्लेसाइट किंवा सेरुसाइटची (शिशाच्या सल्फेटची वा कार्बोनेटची) पुटं आहेत का? तांब्याची खनिजं कोणती? चॅल्कोपायराइट एकटा असेल तर तांब्याचे आयन कमी सुटतात. कोव्हेलाइट, चॅल्कोसाइट असतील तर बरेच. दळण कशाने झालं, हेही विचारा. साध्या पोलादाच्या गोळ्यांमधून पल्पमध्ये लोह येतं आणि ऑक्सिजन संपतो. त्या लोहाची हायड्रॉक्साइडं खनिजावर बसली की कलेक्टरला जागा उरत नाही. शक्य असेल तर एक दळण स्टेनलेस स्टीलच्या किंवा सिरॅमिक गोळ्यांनी करून तुलना करा. फरक दिसला तर अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

नमुन्याचे भाग पाडून ते हवाबंद पिशव्यांत, शक्यतो गोठवून ठेवा. पहिल्या आणि शेवटच्या चाचणीत तीन आठवड्यांचं अंतर पडलं आणि नमुना बाकावर उघडा राहिला, तर तुम्ही दोन वेगळ्या धातुकांची तुलना करत आहात.

दुसरी पायरी : पाण्याचा नमुना नीट घ्या

ही पायरी सर्वात जास्त टाळली जाते. दळणाच्या पल्पमधून, कंडिशनिंगनंतर (रसायन घालून ढवळल्यावर) आणि टेलिंग्जमधून (न तरंगता उरलेल्या पल्पमधून), अशा तीन जागी पाणी घ्या. लगेच ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळा आणि त्यानंतरच नायट्रिक आम्लाने सामू २ च्या खाली न्या. क्रम उलटा झाला तर आम्लात बारीक खनिज कण विरघळतील आणि पाण्यात नसलेला धातू कागदावर दिसेल. झँथेट मोजायचं असेल तर त्या बाटलीत आम्ल अजिबात घालू नका, कारण आम्लात झँथेट तुटतं.

तांबं, शिसं, जस्त, लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सल्फेट एवढं मोजा. पुनर्वापराच्या पाण्यात चुना आणि सल्फेट साचत गेले की ते जिप्समने संपृक्त होतं आणि कॅल्शियम लिटरला साधारण ५५० ते ६०० मिलिग्रॅमपर्यंत चढतं. तिथे डिस्टिल्ड पाण्यात केलेल्या चाचणीचा निकाल तसाच्या तसा लागू पडेल, अशी अपेक्षा धरू नका.

अल्कधर्मी पल्पमध्ये तांबं आणि शिसं गाळलेल्या पाण्यात जवळजवळ शून्य दिसेल. म्हणजे ते नाहीत असं समजू नका. ते हायड्रॉक्साइड किंवा कार्बोनेट होऊन कणांवर बसलेले असतात. म्हणून ईडीटीएची (धातू-आयनांना बांधून पाण्यात आणणाऱ्या रसायनाची) चाचणी करा. ३ टक्के ईडीटीएचं द्रावण कॉस्टिक सोड्याने सामू ७.५ वर आणा, त्यात पल्पचा मोजका भाग ढवळा, गाळा आणि गाळलेल्या द्रावणात धातू मोजा. ईडीटीए ऑक्सिडीभवनातून तयार झालेली हायड्रॉक्साइडं, सल्फेटं आणि कार्बोनेटं सोडवतो, मूळ सल्फाइडला मात्र फारसा हात लावत नाही. गॅलेनातून निघालेल्या शिशाचा आकडा एकूण शिशाच्या मानाने मोठा असेल, तर जस्ताच्या अनाहूत सक्रियणाचा (परक्या आयनामुळे न बोलावता तरंगू लागण्याचा) पहिला संशयित सापडला. एक मर्यादा लक्षात ठेवा : स्फॅलेराइटच्या सल्फाइडमध्ये शिरून बसलेलं तांबं या चाचणीत दिसत नाही.

तिसरी पायरी : द्रावणं तयार करा

आयनांची मूळ द्रावणं लिटरला १ ग्रॅम धातू या ताकदीची ठेवा, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम. तांब्यासाठी लिटरला ३.९३ ग्रॅम मोरचूद, शिशासाठी १.६० ग्रॅम लेड नायट्रेट, कॅल्शियमसाठी ३.६७ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट. शिशासाठी नायट्रेटच घ्या, सल्फेट विरघळत नाही. सेलमध्ये २ लिटर पाणी असेल आणि लिटरला १० मिलिग्रॅम शिसं हवं असेल, तर २० मिलिलिटर टाकायचे.

झँथेटचं १ टक्क्याचं द्रावण रोज ताजं करा. थोड्या अल्कधर्मी पाण्यात ते टिकतं, आम्लधर्मी पाण्यात वेगाने तुटून कार्बन डायसल्फाइड सोडतं. तो विषारी आहे आणि सहज पेट घेतो. झँथेटजवळ आम्ल नको, हा नियम बाकावर लिहून चिकटवा.

मात्रेचं गणित सोपं आहे. टनाला हवे असलेले ग्रॅम गुणिले धातुकाचे किलो, भागिले द्रावणाच्या टक्क्यांची दहापट, म्हणजे मिलिलिटर. १ किलो धातुकाला टनामागे ५० ग्रॅम झँथेट हवं असेल तर १ टक्क्याचं द्रावण ५ मिलिलिटर. टनामागे ३०० ग्रॅम मोरचुदाला त्याच ताकदीचं ३० मिलिलिटर.

इथेच एक हिशेब करून ठेवा, तो डोळे उघडतो. तांब्याचा एक आयन झँथेटचे दोन आयन खातो : एक क्युप्रस झँथेट होऊन साका बनतो, दुसऱ्याचं डायझँथोजेन होतं. आता समजा टनामागे ५० ग्रॅम मोरचूद खनिजावर न बसता पाण्यात राहिलं. ते ०.२ मोल. त्यासाठी ०.४ मोल सोडियम आयसोब्युटाइल झँथेट लागेल, म्हणजे सुमारे ६९ ग्रॅम. तुम्ही टाकलेले ५० ग्रॅम खनिजापर्यंत पोहोचण्याआधीच संपू शकतात. अशा वेळी कलेक्टर वाढवणं म्हणजे गळक्या बादलीत पाणी ओतणं.

चौथी पायरी : बेसलाइन तीनदा

काहीही बदलण्याआधी तीच मूळ चाचणी (बेसलाइन) तीन वेळा करा. सामू, हवा, इम्पेलरचा वेग, पल्पची घनता, फेस ओढण्याचा वेग, सगळं तेच. तिन्ही निकालांत दोन टक्क्यांची तफावत येत असेल, तर पुढे दीड टक्क्याच्या सुधारणेवर आनंद मानू नका. फेस ओढणारी व्यक्तीही बदलू नका. हाताचा फरक वाटतो त्यापेक्षा मोठा असतो. कॉन्संट्रेट एकत्र न घेता १, ३, ६ आणि १० मिनिटांना वेगळं घ्या. आयनांचा परिणाम अनेकदा अंतिम रिकव्हरीत लपतो आणि पहिल्या मिनिटाच्या वेगात दिसतो.

पाचवी पायरी : दोष कुठला आहे, ते वेगळं करा

कंडिशनिंगनंतरच्या गाळलेल्या पाण्यात उरलेलं झँथेट अतिनील स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ३०१ नॅनोमीटरला मोजा. या एका मापाने दोन वेगळे आजार वेगळे होतात.

पाण्यात झँथेट शिल्लकच नाही आणि खनिजही तरंगत नाही : कोणीतरी ते खाल्लं आहे. सुटे तांब्याचे वा शिशाचे आयन, ऑक्सिडाइझ झालेला बारीक गाळ किंवा आधीच सक्रिय झालेलं पायराइट. पाण्यात झँथेट भरपूर आहे आणि तरीही खनिज तरंगत नाही : पृष्ठभाग झाकलेला आहे किंवा झँथेटला धरेल असा धातू वरच्या थरात नाही. पहिल्या आजारात आयन कमी करायचे असतात. दुसऱ्यात पृष्ठभाग धुवायचा असतो किंवा योग्य आयन द्यायचा असतो. दोन्हींना एकच औषध दिलं तर एकतरी बिघडणारच.

सहावी पायरी : एकेक आयन मुद्दाम टाकून पाहा

डिस्टिल्ड पाण्यात बेसलाइन, मग त्यात एकच आयन, मग दुसरा, आणि शेवटी प्रत्यक्ष प्रक्रियेचं पाणी. शिसं लिटरला २, १० आणि ५० मिलिग्रॅम असं पायऱ्यांनी वाढवा. प्रत्येक वेळी स्फॅलेराइट शिशाच्या कॉन्संट्रेटमध्ये किती गेलं ते लिहा. कुठल्या पायरीवर उडी दिसते, ते तुमच्या धातुकाचं सहनशक्तीचं माप. आयन टाकल्यावर पाच मिनिटं थांबून मगच कलेक्टर घाला. दोन्ही एकत्र घातले तर साका पाण्यातच तयार होईल आणि तुम्ही पृष्ठभागाचा नव्हे, साक्याचा अभ्यास कराल.

ऑक्साइड खनिजांवर हाच प्रयोग करायचा असेल तर गारगोटी उत्तम. शुद्ध गारगोटीवर सामू २ च्या वर ऋण प्रभार असतो, म्हणून ऋण प्रभाराचे ओलिएट (फॅटी अ‍ॅसिडचा क्षार) किंवा सल्फोनेट हे कलेक्टर तिला धरत नाहीत. पाण्यात धातू-आयन आले की चित्र पालटतं. आयनाला एक हायड्रॉक्सिल जोडला जातो त्या सामूच्या आसपास तो गारगोटीवर घट्ट बसतो आणि कलेक्टरसाठी पूल बनतो. सल्फोनेटसोबत हे तरंगणं साधारण कुठे सुरू होतं, ते पाहा : फेरिक लोहासाठी सामू ३ च्या जवळ, अ‍ॅल्युमिनियमसाठी ४, शिशासाठी ६.५, मँगनीजसाठी ८.५, मॅग्नेशियमसाठी ११ आणि कॅल्शियमसाठी १२. हा क्रम पाठ करण्याजोगा आहे. लोहाच्या पाण्यात सामू ५ वर गारगोटी वर येऊ लागली, तर गूढ काहीच उरत नाही.

फॅटी अ‍ॅसिड वापरताना दुष्फेन पाण्याची वेगळी भीती. ओलिएट म्हणजे साबणच, आणि अशा पाण्यात साबण फाटतो तसा तोही कॅल्शियम ओलिएट होऊन फाटतो. लिटरला ४० मिलिग्रॅम कॅल्शियम म्हणजे १ मिलिमोल. तो २ मिलिमोल ओलिएट बांधू शकतो. ३० टक्के घन असलेल्या पल्पमध्ये टनामागे सुमारे २.३ घनमीटर पाणी असतं. त्या पाण्यातलं कॅल्शियम टनामागे १.४ किलो सोडियम ओलिएट अडवू शकतं. प्रत्यक्षात सगळं अडत नाही, पण धोक्याची पातळी यावरून कळते. म्हणून कलेक्टरआधी सोडा अ‍ॅशने (सोडियम कार्बोनेटने) कॅल्शियम बसवून घेणं हे कलेक्टर वाढवण्यापेक्षा स्वस्त आणि स्वच्छ.

अमाइन या कलेक्टरच्या बाबतीत वारं उलट्या दिशेने वाहतं. लोह धातुकातून गारगोटी वेगळी काढताना सामू १० च्या आसपास धन प्रभाराचं अमाइन गारगोटीवर बसतं आणि हेमॅटाइटला स्टार्च दाबून ठेवतो. तिथे कॅल्शियम-मॅग्नेशियम हेच अमाइनचे प्रतिस्पर्धी. तेच ऋण पृष्ठभाग आधी व्यापतात. एकच आयन एका कलेक्टरला पूल देतो आणि दुसऱ्याची जागा बळकावतो. म्हणून "कॅल्शियम वाईट" असा सरसकट निष्कर्ष काढू नका.

सातवी पायरी : सामू आणि चुना यांची फारकत करा

सामू ११ चुन्याने आणला की कॉस्टिक सोड्याने, यात मोठा फरक आहे. सामू तोच, पण पहिल्यात कॅल्शियमही आलं. ते पायराइटवर बसून त्याला दाबतं. गॅलेनालाही थोडं रोखतं. म्हणून शिशाच्या सर्किटमध्ये बरेच जण सोडा अ‍ॅश पसंत करतात आणि जस्ताच्या सर्किटमध्ये, जिथे पायराइट दाबायचं असतं, तिथे चुना. तुमच्या धातुकावर दोन्ही करून बघा : एकाच सामूवर चुना, कॉस्टिक आणि कॉस्टिक अधिक कॅल्शियम क्लोराइड. तिसरी चाचणी पहिलीसारखी वागली तर परिणाम कॅल्शियमचा, दुसरीसारखी वागली तर केवळ सामूचा. तीन चाचण्यांत निकाल लागतो, तरी ही तुलना क्वचितच केली जाते.

सामूमापकाचा काचेचा इलेक्ट्रोड चुन्याच्या पल्पमध्ये पांढऱ्या पुटाने आंधळा होतो. दर चाचणीआधी सौम्य आम्लाने धुऊन बफरमध्ये तपासा.

आठवी पायरी : उपाय आयन ओळखून निवडा

जस्त शिशासोबत वर येत असेल तर प्रश्न एकच : सक्रियण तांब्याने झालंय की शिशाने? सायनाइड तांब्याशी घट्ट संयुग बनवून ते पृष्ठभागावरून काढतं, शिशावर मात्र त्याचा जवळजवळ उपयोग नाही. १९२२ पासून सायनाइड आणि झिंक सल्फेटची जोडी वापरात आहे, आणि ती का चालते किंवा चालत नाही, ते या फरकातून समजतं. शिसं कारणीभूत असेल तर झिंक सल्फेट आणि सोडा अ‍ॅश दळणातच घाला. कार्बोनेट शिशाला बांधतं आणि जस्ताचं हायड्रॉक्साइड स्फॅलेराइटवर पसरतं. सल्फाइट किंवा मेटाबायसल्फाइटही कामी येतं. सायनाइड हाताळताना सामू १० च्या खाली कधीही जाऊ देऊ नका. खाली गेला की हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. प्रशिक्षण आणि वायुमापक नसेल तर ही चाचणी करूच नका.

लोह हायड्रॉक्साइडच्या पुटासाठी दळणाचे गोळे बदलणं हा खरा इलाज. ते शक्य नसेल तर कलेक्टरआधी काही मिनिटं हवा देऊन ऑक्सिजन परत आणा. आयनांसाठी घातलेलं औषध नेहमी कलेक्टरच्या आधी जायला हवं.

जस्ताच्या सर्किटमध्ये क्रम असा ठेवा : आधी चुन्याने सामू, मग मोरचूद आणि पाचेक मिनिटं, मग झँथेट आणि एक-दोन मिनिटं, शेवटी फ्रॉदर (फेस आणणारं रसायन). मोरचूद पायऱ्यांनी वाढवत जा आणि पहिल्या मिनिटाच्या कॉन्संट्रेटमध्ये पायराइट कुठे वाढू लागतं ते पाहा. तो बिंदू आला की स्फॅलेराइटचं पोट भरलं आणि उरलेलं तांबं पायराइटला सक्रिय करत आहे.

नववी पायरी : आकडे तपासा, मगच बोला

प्रत्येक उत्पादन वाळवून तोला आणि त्यांच्या बेरजेतून मूळ धातुकाची प्रत परत काढा. ती थेट मोजलेल्या प्रतीशी जुळत नसेल तर त्या चाचणीवर निष्कर्ष बांधू नका. वजनं नसतील आणि फक्त प्रती असतील, तर रिकव्हरी अशी येते : कॉन्संट्रेटची प्रत गुणिले (फीड, म्हणजे मूळ धातुक, वजा टेलिंग्ज), भागिले फीड गुणिले (कॉन्संट्रेट वजा टेलिंग्ज), गुणिले शंभर. फीड ४ टक्के, कॉन्संट्रेट ५० आणि टेलिंग्ज ०.५ असेल, तर ८८.४ टक्के.

दर चाचणीच्या ओळीत सामू, पाण्याचा स्रोत, ईडीटीएचे आकडे आणि उरलेलं झँथेट यांना रिकव्हरीइतकीच जागा द्या. पाच-सहा चाचण्यांतून जी मात्रा हाती लागेल ती आधी पुनर्वापराच्या पाण्यात, मग मधली उत्पादनं पुढच्या फेरीत परत सोडत, निदान पाच-सहा फेऱ्या फिरवून पाहा. आयन फेरीगणिक साचतात. पहिल्या फेरीत निर्दोष दिसलेलं मोरचूद चौथ्या फेरीत शिशाच्या सर्किटमध्ये जस्त वर आणताना सापडू शकतं. तिथे सापडलं तर मात्रा तिथूनच खाली आणायला सुरुवात करा.